धानानंतरची ओल : साकोली तालुक्यातील उतेरा पिकांच्या प्रकल्प नोंदी

15 सप्टेंबर 2024

आमच्या शेतकरी गटातील नऊ कुटुंबांच्या मिळून अकरा एकर बांध्या (बांध घातलेली धानाची शेते) धानानंतरच्या उतेरा पिकासाठी आज ठरल्या. यांपैकी एकही बांधी मामा तलावाच्या (जुन्या मालगुजारी तलावाच्या) पाण्याखाली येत नाही. त्यांचे धान पूर्णपणे पावसावर येते आणि कापणी झाली की पुढच्या मृगापर्यंत त्या रिकाम्या पडतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चारही जिल्ह्यांत अशी जमीन गावोगावी दिसते. चार महिन्यांत तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तरीही कापणीनंतर पुढच्या पावसापर्यंत शेताला काम नसते, ही गोष्ट मला विद्यार्थी असल्यापासून सलत आली आहे.

उतेरा पद्धत आमच्या भागाला नवी नाही. धान उभे असतानाच, कापणीच्या दोन-अडीच आठवडे आधी, ओल्या बांधीत लाखोळीचे (लाखेच्या डाळीचे) किंवा जवसाचे बी फेकून द्यायचे, ही जुन्या माणसांची रीत आहे. ती मागे का पडली, हे आज प्रत्येक कुटुंबाला विचारले. लोकांनी तीन कारणे सांगितली : मोकाट गुरे, हार्वेस्टर आणि बियाणे घरात न उरणे. जमीन पिकत नाही, असे एकानेही सांगितले नाही. म्हणून या वर्षीचा आराखडा मी पिकापेक्षा या तीन कारणांभोवती आखला आहे.

बांध्यांची विभागणी जमिनीच्या उतारानुसार केली. वरच्या अंगाला सिहार जमीन आहे. ती हलकी, रेताड असून लवकर सुकते. मधल्या पट्ट्यात मोरांड आहे आणि सर्वांत खाली, नाल्याच्या बाजूला, काळी कन्हार आहे. मोरांडीत लाखोळी आणि मसूर, कन्हारीत जवस, आणि कन्हारीच्याच दोन बांध्यांत कापणीनंतर नांगरून हरभरा, असे ठरले. सिहारीत या वर्षी काहीही पेरायचे नाही. दोघांना हे पटले नाही, कारण त्यांच्या जवळपास सर्व बांध्या सिहारीत आहेत. तरी पहिल्याच वर्षी त्यांचे बी वाया घालवण्यापेक्षा त्यांना धुऱ्यावरच्या (शेताच्या बांधावरच्या) तुरीकडे लक्ष द्यायला सांगणे मला प्रामाणिकपणाचे वाटले.

6 ऑक्टोबर 2024

बियाणे आले. लाखोळीसाठी रतन आणि महातिवडा हे वाण घेतले आहेत. दोन्हींत ओडॅप या विषारी घटकाचे प्रमाण जुन्या गावरान लाखोळीपेक्षा बरेच कमी असते. जवसाचा पीकेव्ही एनएल-260 आणि हरभऱ्याचा जाकी-9218 हा वाण आहे.

लाखोळीविषयी गटात मोकळेपणाने बोलणे आवश्यक होते. दुष्काळाच्या वर्षांत, जेव्हा लाखोळी हाच आहाराचा मुख्य भाग बनून महिनोन् महिने खाल्ली गेली, तेव्हा माणसांचे पाय कायमचे लुळे पडल्याचा इतिहास आहे. त्याच कारणाने 1961 मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली आणि तेव्हापासून तिच्या व्यापाराचा वाद चालू राहिला. कमी ओडॅपचे वाण, डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून देण्याची पद्धत आणि आहारातील मर्यादित प्रमाण यांमुळे धोका कमी होतो. परंतु नफ्याचा हिशेब लाखोळीच्या विक्रीवर उभा करायचा नाही, असा निर्णय झाला. लाखोळी जमिनीसाठी, बैलांच्या कुटारासाठी (मळणीनंतरच्या भुशासाठी) आणि पुढच्या वर्षीच्या बियाण्यासाठी राहील. रोख पैसा जवस, मसूर आणि हरभऱ्यातून यावा.

जिवाणू संवर्धकाच्या बाबतीत आज चूक झाली. दुकानातून सरसकट हरभऱ्याचे रायझोबियम आले आणि पाकिटे उघडण्याआधी लेबल वाचण्याचे मला सुचले म्हणून ती बाजूला ठेवता आली. हरभऱ्याच्या मुळांवर गाठी करणारा जिवाणू लाखोळी आणि मसुराला चालत नाही. त्यांना वाटाणा गटाचा जिवाणू लागतो. दुकानदाराला हा फरक माहीत नव्हता. खरे तर मागणी लिहून देताना तो मीच स्पष्ट लिहायला हवा होता. वाटाणा गटाची पाकिटे परवापर्यंत मिळतील. प्रमाण दहा किलो बियाण्याला 250 ग्रॅमचे एक पाकीट असे राहील.

19 ऑक्टोबर 2024

मोरांडीतील धान चांगले पोसले आहे, लोंब्या वाकल्या आहेत आणि खालची पाने पिवळी पडू लागली आहेत. आज सर्व बांध्यांचे धुरे फोडून पाणी काढले.

पेरणीचा दिवस ठरवण्यासाठी कॅलेंडर उपयोगाचे नाही. गटातील सर्वांत वयस्क आजींनी मला बांधीत नेऊन दाखवले : अनवाणी टाच मातीत रोवायची आणि उचलायची. खळग्यात पाणी झिरपून आले तर थांबायचे, कारण त्या मातीत बी कुजते. ठसा उमटलाच नाही, तर वेळ गेलेली आहे. ठसा स्वच्छ राहावा, त्याच्या कडेला मातीची बारीक चमक दिसावी आणि तळाशी पाणी नसावे, तो दिवस पेरणीचा. "पानी जाऊ दे, पन वल नोको जाऊ देऊ," असे त्या म्हणाल्या. आमच्या प्रशिक्षण पुस्तिकेत यासाठी अर्धे पान खर्ची पडले होते, ते मी आजच या एका वाक्यावर आणले.

मोरांडीत ठसा उद्या-परवा जमेल. कन्हारीत अजून पाणी झिरपते.

22 ऑक्टोबर 2024

मोरांडीच्या बांध्यांत लाखोळी आणि मसूर फेकून झाले. लाखोळी एकरी 28 किलो आणि मसूर एकरी 18 किलो वापरले. नांगरून पेरताना लागते त्यापेक्षा हे प्रमाण जास्त आहे, कारण मातीवर उघडे पडलेले काही बी पाखरे खातात आणि काही धानाच्या बुंध्यात अडकून राहते. बी रात्रभर भिजवून, सकाळी सावलीत सुकवून, त्यावर आधी ट्रायकोडर्मा (रोगांपासून बी राखणारी उपयुक्त बुरशी) आणि नंतर रायझोबियम चोळले.

दव असताना बी फेकू नये, हा धडा पहिल्याच बांधीत मिळाला. सकाळी आठ वाजता धानाच्या पानांवर दव होते आणि ओलसर बी पानांना आणि लोंब्यांना चिकटून राहिले. नंतर बायकांनी काठीने धान हलकेच झटकून ते खाली पाडले. दहा वाजल्यानंतर फेकलेले बी मात्र सरळ मातीवर उतरले.

27 ऑक्टोबर 2024

मोरांडीत लाखोळीला कोंब आले आहेत. धानाच्या सावलीत माती सुकत नाही आणि पाखरांनाही बी सहज दिसत नाही, हे उभ्या धानात पेरण्याचे मोठे फायदे आहेत. तिसरा फायदा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. रोवणीसाठी केलेल्या चिखलणीमुळे आमच्या बांध्यांच्या मातीची रचना मोडलेली असते. कापणीनंतर अशी जमीन नांगरली की मोठाली ढेकळे निघतात आणि त्या ढेकळांमधून ओल आठ-दहा दिवसांत उडून जाते. उतेऱ्यात माती हलतच नाही, त्यामुळे ओल जिथल्या तिथे राहते आणि मूळ त्या ओलीमागे खाली जाते. नांगरणीचा खर्च वाचतो, हा त्यानंतरचा लाभ.

कन्हारीत आज जवस फेकला, एकरी 11 किलो. जवसाचे बी गुळगुळीत आणि हलके असल्याने ते राखेत मिसळून फेकले, म्हणजे मुठीतून सारखे सुटते.

2 नोव्हेंबर 2024

आज गायगोधन, दिवाळीतला गुरांच्या पूजेचा दिवस. सकाळी गोवारी बांधवांचे नृत्य झाले आणि दुपारी त्याच ठिकाणी गावकऱ्यांची बैठक घेतली. धान कापून झाले की गुरे मोकळी सोडण्याचा रिवाज आहे आणि उतेरा पीक त्यामुळेच उद्ध्वस्त होते. कुंपण घालण्याइतके पैसे आमच्या गटाकडे नाहीत, आणि असते तरी अकरा एकरांना कुंपण घालून गावाशी वैर घेणे मला योग्य वाटले नसते.

दोन तास चर्चा चालली. ज्यांच्याकडे जमीन नाही पण चार-पाच जनावरे आहेत, त्यांचा प्रश्न रास्त होता : नाल्याकाठची चराई बंद केली तर त्यांनी जनावरे कुठे न्यावीत? शेवटी असे ठरले की नाल्यापलीकडच्या सिहार बांध्या, जिथे काही पेरलेले नाही, त्या चराईसाठी खुल्या राहतील. फेब्रुवारीअखेरपर्यंत मोरांड आणि कन्हारीत जनावर जाणार नाही. दोन गुराख्यांना गट धान्यरूपाने मोबदला देईल आणि लाखोळीच्या कुटाराचा चौथा हिस्सा भूमिहीन कुटुंबांना मिळेल. ही शेवटची अट त्यांनीच मांडली आणि ती मला संपूर्ण प्रकल्पातील सर्वांत शहाणी अट वाटते, कारण त्यामुळे पीक राखण्यात त्यांचाही हिस्सा आला.

9 नोव्हेंबर 2024

मोरांडीत कापणी सुरू झाली. मळणीवाल्याने चेन हार्वेस्टर आणण्याचा आग्रह धरला होता. तो स्वस्त पडतो आणि एका दिवसात काम होते, हे खरे आहे. पण त्याच्या पट्ट्याखाली बोटभर वाढलेली लाखोळी चिरडली जाते आणि ओल्या जागी माती दाबली जाते. म्हणून उतेऱ्याच्या बांध्यांत विळ्यानेच कापायचे ठरले. धस्कट नेहमीपेक्षा उंच, वीतभर ठेवले आहे, म्हणजे लाखोळीच्या वेलीला आधार मिळतो.

मंडईचे (दिवाळीनंतर गावोगावी भरणाऱ्या जत्रांचे) दिवस असल्याने मजूर कमी आहेत. रात्री नाटक किंवा दंडार हे लोकनाट्य पाहून आलेला माणूस सकाळी सातला बांधीत येईल, अशी अपेक्षा करणेही बरोबर नाही. कामाचे वेळापत्रक दोन तास पुढे ढकलले.

14 नोव्हेंबर 2024

आजची नोंद दुःखाने लिहितो आहे. दोन बांध्यांत कडपा (कापून आडव्या पसरलेल्या धानाच्या ओळी) पाच दिवस पडून राहिल्या. कडपा उचलल्यावर खालची लाखोळी पांढरट-पिवळी, लांबुळकी आणि लुळी निघाली. बांधीत पिवळ्या पट्ट्या आखल्यासारख्या दिसत होत्या, पट्टीच्या रुंदीचा अंदाजही कडपेवरून येत होता. शेजारच्या बांधीत तिसऱ्याच दिवशी भारे बांधून पुंजणे (भाऱ्यांचे ढीग) धुऱ्याबाहेर रचले होते, तिथे पीक एकसारखे हिरवे आहे.

पिवळी पडलेली झाडे उन्हात सावरतील, असे मला वाटते. पण पुढच्या वर्षासाठी नियम आजच लिहून ठेवतो : उतेऱ्याच्या बांधीत कडपा दोन दिवसांपेक्षा जास्त राहू नये, आणि भारे बांधायला माणसे मिळणार नसतील तर त्या दिवशी कापणीच करू नये.

21 नोव्हेंबर 2024

काल विधानसभेचे मतदान असल्याने काम बंद होते. कन्हारीतील दोन बांध्यांत आज हरभऱ्यासाठी नांगरणी केली. ढेकळे फोडायला वखराच्या तीन पाळ्या लागल्या.

8 डिसेंबर 2024

आठवडाभर ढगाळ हवामान होते आणि रात्रीची थंडी कमी झाली होती. आज ऊन पडले.

मोरांडीतील पेरणीला 47 दिवस झाले. प्रत्येक बांधीतून पाच झाडे कुदळीने मातीच्या लादीसकट काढली, बादलीतील पाण्यात हलकेच धुतली आणि गटातील सर्वांना दाखवली. मोरांडीतील लाखोळीच्या मुख्य मुळाजवळ मुगाच्या दाण्याएवढ्या गाठींचे झुबके होते. एक गाठ अंगठ्याच्या नखाने चिरली तर आतून गुलाबी, जवळपास रक्ताच्या रंगाची निघाली. हा रंग असला की गाठ हवेतील नत्र बांधते आहे. पांढरी किंवा हिरवट गाठ असेल तर ती निकामी असते. एका शेतकरी ताईंनी तीस वर्षे लाखोळी पाहिली होती, पण मुळाला धरलेल्या या गाठी म्हणजे रोग असावा, असे त्या आजपर्यंत समजत होत्या. त्यांनी ती चिरलेली गाठ पदराच्या टोकात बांधून घरी नेली.

मी तुलनेसाठी एका बांधीत संवर्धक न लावता लाखोळी फेकली होती. तिथेही गाठी आहेत आणि गुलाबी आहेत. म्हणजे ज्या जमिनीत पूर्वी लाखोळी होत होती, तिथे तिचा जिवाणू अजून टिकून आहे. संवर्धकावर खर्च करण्याची खरी गरज मसुराच्या त्या बांध्यांत आहे जिथे कधीच कडधान्य झालेले नाही. नांगरून पेरलेल्या हरभऱ्याच्या झाडांची वाढ खुंटलेली आहे. मूळ चिखलणीच्या टणक थरावर आडवे वळले आहे.

28 डिसेंबर 2024

कालपासून ढग आणि हलक्या सरी. पावसाचे हे पाणी उतेऱ्याला उपकारक ठरेल, पण मसुरावर मावा दिसू लागला आहे. कोवळ्या शेंड्यांवर निंबोळी अर्काची फवारणी सोमवारी करायची आहे.

12 जानेवारी 2025

लाखोळीला निळी-जांभळी फुले लागली आहेत. फुलोऱ्यावर दोन टक्के युरियाची फवारणी केली, पंधरा लिटरच्या पंपाला 300 ग्रॅम. मुळांभोवतीची माती या काळात सुकू लागते आणि जमिनीतून अन्न उचलणे मंदावते, म्हणून पानांवाटे दिलेले थोडे नत्र दाणा भरायला मदत करते.

फुलोऱ्याआधी तीन आठवडे बायका कोवळे शेंडे खुडून भाजीला नेत होत्या. काही पुरुष सदस्यांनी तक्रार केली की पीक खुडल्याने उतारा घटेल. मी दोन वाफे आखून खुडलेल्या आणि न खुडलेल्या झाडांच्या फांद्या मोजल्या. खुडलेल्या झाडांना फांद्या जास्त फुटल्या आहेत आणि फुलेही कमी नाहीत. मर्यादेत खुडणे नुकसानीचे नाही, आणि हिवाळ्याच्या त्या तीन आठवड्यांत घरात रोज हिरवी भाजी गेली, हे उत्पन्नाच्या वहीत कुणी लिहीत नाही म्हणून मी इथे लिहितो.

17 फेब्रुवारी 2025

लाखोळी काढली. शेंगा पिवळसर झाल्या आणि दाणा दाताखाली टणक लागला की लगेच काढावी, नाहीतर शेंगा तडकतात. काढणी पहाटे दवात केली. मोरांडीच्या चांगल्या बांध्यांत एकरी 1.8 क्विंटल आणि कडपांखाली दबलेल्या दोन बांध्यांत एकरी 1.1 क्विंटल दाणा मिळाला. पाच दिवसांच्या हलगर्जीपणाची ही किंमत आहे.

झाडे मुळासकट उपटायची नाहीत, विळ्याने जमिनीलगत कापायची, यावर मी हट्ट धरला. उपटलेल्या झाडाबरोबर गाठी खळ्यावर जातात आणि ज्यासाठी पीक घेतले तेच बांधीबाहेर जाते. कुटाराचा ठरलेला चौथा हिस्सा आज संध्याकाळीच मोजून दिला.

9 मार्च 2025

मसूर, जवस आणि हरभरा निघाला. मसूर एकरी 1.6 क्विंटल झाला. 2025-26 च्या विपणन हंगामासाठी मसुराचा हमीभाव क्विंटलला 6,700 रुपये आणि हरभऱ्याचा 5,650 रुपये होता. परंतु आमचा माल इतका थोडा आणि इतक्या घरांत विखुरलेला होता की खरेदी केंद्रापर्यंत नेणे कुणालाच परवडले नाही. व्यापाऱ्याने मसूर 6,000 ने उचलला. एकरी 9,600 रुपये आले. बियाणे, फवारणी, काढणी आणि गुराख्यांचा वाटा मिळून 4,200 रुपये खर्च झाला होता, म्हणजे 5,400 रुपये हातात राहिले. माल एकत्र करून एकाच दिवशी केंद्रावर नेला असता तर एकरी आणखी 1,120 रुपये मिळाले असते, आणि ही उणीव गटाच्या नियोजनाची आहे.

जवस एकरी 1.2 क्विंटल झाला. त्याला हमीभाव नाही, तरी पाच कुटुंबांनी घाणीवर तेल काढून घेतले आणि ढेप बैलांना ठेवली. त्यांना बाजारात जावे लागले नाही. नांगरून पेरलेल्या हरभऱ्याने नांगरणी आणि वखरणीचा खर्चही भरून काढला नाही. सिंचनाशिवाय चिखलणीच्या बांधीत हरभरा पुन्हा घेणार नाही.

20 जुलै 2025

रोवणी झाली. जमिनीच्या सुपीकतेविषयी बोलण्याआधी ती तपासण्याची व्यवस्था केली आहे. आमच्या भागात धानासाठी हेक्टरी 100 किलो नत्र, 50 किलो स्फुरद आणि 50 किलो पालाश अशी मात्रा दिली जाते. लाखोळी, मसूर आणि जवस यांच्या प्रत्येकी एका बांधीचे मधोमध दोन भाग केले. एका भागाला पूर्ण नत्र, दुसऱ्याला तीन चतुर्थांश. एकरी हा फरक 10 किलो नत्राचा, म्हणजे साधारण 22 किलो युरियाचा, जवळजवळ अर्ध्या गोणीचा आहे. स्फुरद आणि पालाश दोन्ही भागांना सारखे दिले. पाणी एका भागातून दुसऱ्यात जाऊन खत मिसळू नये म्हणून मध्ये तात्पुरता धुरा घातला आहे.

मातीचा सेंद्रिय कर्ब एका हंगामात बदललेला दिसणार नाही. त्यामुळे त्याचा पहिला नमुना आत्ता आणि दुसरा तीन वर्षांनी घ्यायचा.

28 ऑगस्ट 2025

पर्णरंग तक्ता (पानाच्या हिरवेपणावरून नत्राचा अंदाज देणारी पट्टी) घेऊन सर्व सहा भागांतील प्रत्येकी दहा झाडे पाहिली. वरून दुसरे पूर्ण उघडलेले पान, स्वतःच्या अंगाच्या सावलीत धरून. लाखोळीच्या बांधीत कमी नत्राचा भाग आणि पूर्ण नत्राचा भाग यांच्या रंगात फरक करता आला नाही. मसुराच्या बांधीत किंचित फरक आहे. जवसाच्या बांधीत मात्र कमी नत्राचा भाग धुऱ्यावरूनच फिकट दिसतो. जवस कडधान्य नाही, तो नत्र बांधत नाही, उलट जमिनीतून उचलतो. त्यामुळे जवस घेतलेल्या बांधीत नत्र कमी करण्याचा सल्ला मी कुणालाही देणार नाही. रंगावरून निष्कर्ष काढण्याची माझी तयारी नाही. धान कापून, प्रत्येक भागाचे वेगळे वजन करूनच पुढचे बोलता येईल.

21 सप्टेंबर 2025

गटाची बैठक झाली. जवस आणि लाखोळी यांच्या बांध्या या वर्षी आलटून पालटून ठेवायच्या, म्हणजे जवसानंतर त्या जागी कडधान्य येईल. मसूर एकत्र साठवून एकाच दिवशी खरेदी केंद्रावर न्यायचा, त्यासाठी नोंदणीची कागदपत्रे डिसेंबरातच गोळा करायची. लाखोळीचे 340 किलो बी घरचेच आहे. कडुलिंबाचा पाला घालून ते ज्या कणग्यांत ठेवले होते त्या आज उघडल्या. कीड लागलेली नाही. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपासायला ठेवले आहेत. आजींनी आपल्या बांधीत टाच रोवून पाहिली. खळग्यात अजून पाणी भरते आहे.